पाहणारे आणि ठरवणारे

इतिहासाच्या अभ्यासकाला शतके मोजण्याची सवय असते. एखाद्या लढाईचा दिवस प्रहरांत किंवा तासांत मांडता येतो. पण सेकंदासेकंदांनी सांगावा असा इतिहास आपल्या वाचनात क्वचितच येतो. आम्ही येथे ज्या घटनेकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ती अशा दुर्मीळ इतिहासापैकी आहे. ती घडावयास काही मिनिटे पुरली. तिचा अर्थ लावावयास चौकशी करणाऱ्यांना तीन वर्षांहून अधिक काळ लागला. आणि त्या अर्थाचे परिणाम आज विमानातील आसनाच्या अस्तरात, पायाखालच्या दिव्यांत आणि दरवाज्यालगतच्या मोकळ्या जागेत आपल्याला भेटतात. आपल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या घरी आता विमानप्रवास ही नवलाई राहिलेली नाही. तेव्हा हा विषय आपल्या वर्तुळाबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

२२ ऑगस्ट १९८५ची सकाळ. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या विमानतळावरून ब्रिटिश एअरटूर्स ह्या कंपनीचे बोइंग ७३७ जातीचे विमान ग्रीसच्या कोर्फू बेटाकडे निघाले होते. आत १३१ प्रवासी होते, त्यांपैकी दोन तान्ही मुले, कर्मचारी सहा. बहुतेक सुट्टीवर निघालेली कुटुंबे. सकाळी सव्वासातच्या सुमारास विमान धावपट्टीवर धावू लागले. हाती नियंत्रण सहवैमानिकाच्या होते. धाव सुरू होऊन सुमारे छत्तीस सेकंद झाले, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरांच्या पुढे गेला, आणि एक धप्पकन आवाज झाला. कप्तानाने तत्काळ उड्डाण रद्द केले. इंजिनांचा जोर उलटा फिरवला गेला. टायर फुटला असावा असा कॉकपिटातील दोघांचाही समज झाला, आणि म्हणून ब्रेक फार जोराने दाबू नकोस, असे कप्तानाने सहवैमानिकास सांगितले. धावपट्टी पुरेशी शिल्लक होती. घाई करण्याचे कारण दिसत नव्हते.

ह्या सावधगिरीला हसण्याचे कारण नाही. टायर आणि ब्रेक ह्यांची भीती वैमानिकांना पूर्वानुभवाने शिकवलेली होती. १९६३च्या सप्टेंबरात झुरिकच्या धुक्यात स्विसएअरचे एक कॅरव्हेल विमान, इंजिनांच्या झोताने धुके पांगावे म्हणून, ब्रेक धरून धावपट्टीवर फिरवले गेले. चाके अतोनात तापली, आणि उड्डाणानंतर लागलेल्या आगीत विमान कोसळून ऐंशी माणसे गेली. त्यांतील त्रेचाळीस हुम्लिकोन नावाच्या एकाच लहानशा खेड्यातील होती. तापल्या ब्रेकचा धाक कोणाला वाटला तर तो असा कमावलेला असतो.

परंतु मँचेस्टरला टायर फुटलाच नव्हता. डाव्या इंजिनातील ज्वलनकक्षांपैकी नवव्या क्रमांकाचा कक्ष फुटला होता. ह्या कक्षाची पूर्वी डागडुजी झालेली होती, आणि हे इंजिन वेग घेण्यास मंद आहे अशी तक्रार आदल्या दिवशीच नोंदवली गेली होती. फुटलेल्या कक्षाचा एक तुकडा इंजिनाचे कवच भेदून वर उडाला आणि पंखाच्या तळाशी असलेल्या, इंधनटाकी तपासण्यासाठी ठेवलेल्या झाकणावर आदळला. ते झाकण आसपासच्या पत्र्याइतके भक्कम नव्हते. त्याचे सामर्थ्य पत्र्याच्या सुमारे एकचतुर्थांश होते. झाकण फुटले, इंधनाची धार लागली आणि इंजिनाच्या तप्त झोताने ती पेटली.

येथे वाचकांनी विमानाची रचना डोळ्यांपुढे आणावी. वैमानिक बसतो सर्वांच्या पुढे, तोंड समोर करून. त्याच्या पंखांखाली आणि पाठीमागे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतात काटे आणि दिवे, ऐकू येतात घंटा. खिडकीशेजारचा प्रवासी, मग तो सहा वर्षांचा का असेना, ती आग पहिल्या क्षणापासून पाहत असतो. नियंत्रण मनोऱ्यावरचा अधिकारीही ती पाहतो. ज्यांना दिसते त्यांना अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला दिसत नाही, असा हा पेच आहे. आमच्या मते ह्या सर्व इतिहासाचे मर्म येथे आहे; आगीच्या रसायनात ते शोधू नये.

धप्प आवाजानंतर सुमारे नऊ सेकंदांनी कॉकपिटात आगीची घंटा वाजली. पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाला आग लागलेली दिसते, असे कप्तानाने मनोऱ्याला कळवले. मनोऱ्याने उत्तर दिले की आग बरीच आहे आणि बंब निघाले आहेत. प्रवाशांना उतरवावे लागेल काय, हेही कप्तानाला मनोऱ्यालाच विचारावे लागले. उजव्या बाजूने उतरवावे, असा सल्ला त्याला मिळाला. शंभराहून अधिक माणसे त्याच्या पाठीशी ती आग उघड्या डोळ्यांनी पाहत होती, काही उठून उभीही राहिली होती; आणि त्याला माहिती मिळाली ती मैदानापलीकडच्या एका मनोऱ्यातून. मग विमान धावपट्टी मोकळी करून उजवीकडच्या जोडरस्त्यावर वळले आणि थांबले. उड्डाण रद्द केल्यापासून पंचेचाळीस सेकंद झाले होते.

ते वळण प्राणघातक ठरले. त्या सकाळी वारा अगदी मंद, सात नॉट, म्हणजे ताशी सुमारे तेरा किलोमीटर होता. एरवी त्याची कोणी दखलही घेतली नसती. धावपट्टीवर तो जवळजवळ समोरून येत होता. विमान उजवीकडे वळताच तो डाव्या बाजूने येऊ लागला, आणि डाव्या पंखाखालच्या ज्वाळा व जमिनीवर साचलेल्या जळत्या इंधनाचा लोळ त्याने थेट विमानाच्या अंगावर लोटला. विमान थांबल्यावर सुमारे वीस सेकंदांत मागच्या भागातील पत्रा भेदून आग आत शिरली.

आत काय घडले ते अहवालात क्षणाक्षणाच्या हिशेबाने आले आहे. उजवीकडचा मागचा दरवाजा विमान पूर्ण थांबण्यापूर्वीच उघडला गेला होता. पण तेथे धूर आणि ज्वाळा इतक्या लवकर पोहोचल्या की त्या वाटेने एकही माणूस वाचला नाही. पुढच्या उजव्या दरवाज्याशी प्रमुख कर्मचारी आर्थर ब्रॅडबरी झटत होते. घसरगुंडी ठेवण्याच्या पेटीचे झाकण अडकल्याने तो दरवाजा अर्धवट उघडून थांबला. ब्रॅडबरी यांनी तो तसाच सोडला, पुढचा डावा दरवाजा उघडला, आगीचा अंदाज घेतला, आणि विमान थांबल्यापासून सुमारे पंचवीस सेकंदांनी तेथून माणसे उतरू लागली. मग ते पुन्हा उजव्या दरवाज्याकडे वळले आणि सत्तराव्या सेकंदाच्या सुमारास तोही उघडला. अडलेला दरवाजा सोडून दुसरा उघडणे आणि नंतर पुन्हा पहिल्याशी झटणे, ही गोष्ट कागदावर सोपी वाटते. उजव्या दरवाज्याने ३४ प्रवासी बाहेर पडले, डाव्याने १७.

उजव्या पंखावरील आपत्कालीन खिडकीची कथा अधिक करुण आहे. त्या खिडकीशी बसलेल्या स्त्रीला ती कशी उघडावी हे कोणी शिकवलेले नव्हते. प्रथम तिने आसनाचा हातच ओढला. खिडकीचे झाकण सुमारे बावीस किलो वजनाचे, आणि ते आतल्या बाजूला सुटणारे. शेजारणीने कडी ओढताच ते त्या स्त्रीच्या अंगावर पडले. मागच्या प्रवाशाने ते उचलून बाजूला केले तोवर पंचेचाळीस सेकंद गेले होते. त्या खिडकीकडे जाणारी दोन आसनांमधील फट जेमतेम एक वीत रुंद होती. तरीही २७ प्रवासी तेथून सुटले; एका मुलाला तर विमान थांबल्यावर साडेपाच मिनिटांनी एका अग्निशामकाने ओढून बाहेर काढले.

एकूण ५५ जण दगावले. त्यांतील एक प्रवासी तेहतीस मिनिटांनी जिवंत सापडला होता. तो सहा दिवसांनी इस्पितळात गेला. मृतांत मागच्या भागातील दोन हवाईसेविका होत्या, शॅरन फोर्ड आणि जॅकलिन उर्बान्स्की. त्या दोघींना मरणोत्तर, तसेच ब्रॅडबरी आणि त्यांच्या सहकारी जोआना टॉफ यांना ब्रिटनचे राणीच्या नावे दिले जाणारे शौर्यपदक मिळाले. बहुसंख्य बळी भाजून मेलेले नव्हते. आसने, भिंती आणि छत ह्यांच्या जळण्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड यांनी भरलेला धूर दोन-चार श्वासांत माणसाला निश्चेष्ट करीत होता. बंब अर्ध्या मिनिटात पोहोचले आणि त्यांनी फेस फवारला. परंतु त्यांचे पाणी संपत आले तेव्हा जवळच्या नळखांबांना पाणी मिळेना, कारण त्या व्यवस्थेत दुरुस्तीचे काम चालू होते.

आता दोषाचा प्रश्न. वृत्तपत्रांना असा प्रश्न एका माणसाच्या नावाने सोडवायला आवडतो. चौकशी अहवालाने मात्र कप्तानाला खलनायक केले नाही, आणि आम्हांसही ते योग्य वाटते. त्या काळच्या शिकवणीप्रमाणे त्याने विमान सुरक्षितपणे थांबवले, धावपट्टी मोकळी केली, मनोऱ्याशी बोलला, आणि विमान थांबण्याच्या काही सेकंद आधीच उतरण्याची आज्ञा दिली. इंजिनाला आग लागली म्हणजे इंधन बंद करणे आणि आगीची मूठ ओढून फिरवणे, जेणेकरून बाटलीतील वायू इंजिनाच्या कवचात सुटेल, हा पाठ प्रत्येक वैमानिकाला मुखोद्गत असतो. पण येथे आग इंजिनाची उरलीच नव्हती. ती फुटलेल्या टाकीची होती, कवचाच्या बाहेरची होती, आणि तिला त्या बाटलीचा उपयोग नव्हता. हा पाठ मुळात आकाशासाठी रचलेला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईच्या सांताक्रूझवरून मद्रासकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरव्हेलचे इंजिन उड्डाणानंतर फुटून पेटले, आणि परत उतरण्याच्या प्रयत्नात ते कोसळून आतील सर्व ९५ जण गेले. तेथे विमानाबाहेर पडण्याचा मार्गच नव्हता; लढायचे ते आगीशी. जमिनीवर परिस्थिती उलट असते. दहा-पंधरा फुटांवर मोकळे मैदान असते, आणि म्हणून आगीशी लढण्यापेक्षा तिच्यापासून पळण्याला महत्त्व येते. हा फरक साधा आहे, पण तो नियमपुस्तकांत उतरण्यास आश्चर्यकारक विलंब लागला.

त्यातही खेदाची बाब ही की ह्या घटनेची रंगीत तालीम सतरा महिने आधीच होऊन गेली होती. २२ मार्च १९८४ रोजी कॅनडातील कॅल्गरी येथे पॅसिफिक वेस्टर्न कंपनीचे, त्याच जातीचे बोइंग विमान उड्डाणासाठी धावत असता त्याचेही डावेच इंजिन फुटले. तुकड्यांनी इंधनटाकी फोडली, आग लागली, आणि तेथेही वैमानिकांना टायर फुटल्याचेच वाटले. विमान असेच धावपट्टीवरून जोडरस्त्यावर नेले गेले. फरक एवढा की घंटा वाजण्यापूर्वीच प्रमुख कर्मचारी कॉकपिटात शिरून डाव्या बाजूला आग लागल्याचे सांगता झाला. नंतर मागच्या भागातील सेविकाही पुढे आली आणि तिने सारी डावी बाजू जळत असल्याचे दोनदा सांगितले. तरीही उतरण्यास प्रारंभ होईपर्यंत उड्डाण रद्द केल्यापासून जवळजवळ दोन मिनिटे गेली. विमान जळून खाक झाले. आतील सर्व ११९ जण वाचले, काही जायबंदी झाले. जीवितहानी न झाल्यामुळेच की काय, त्या घटनेचा धडा जगाने पुरेसा घेतला नाही.

मँचेस्टरनंतर तो घेतला गेला. १९६७ पासून असा नियम होता की निम्मे दरवाजे वापरून पूर्ण भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे. नियम चांगला; पण त्याची परीक्षा धडधाकट स्वयंसेवक घेऊन, धुराविना, शिस्तीने होत असे. क्रॅनफील्ड येथील मानसशास्त्रज्ञ हेलन म्यूर यांनी ह्या परीक्षेतील खोटेपणा उघडा पाडला. त्यांनी एका जुन्या ट्रायडंट विमानात स्वयंसेवक बसवले आणि जाहीर केले की बाहेर पडणाऱ्या पहिल्या अर्ध्या लोकांना पाच पौंड अधिक मिळतील. पाच पौंडांसाठी सभ्य माणसे आसनांवरून चढू लागली, एकमेकांना रेटू लागली आणि पुढच्या दोन आडभिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेत बाटलीच्या बुचासारखी अडकली. मँचेस्टरच्या विमानात ही वाट साडेबावीस इंच रुंद होती. ती तीस इंच केल्यावर कोंडी मोकळी होते असे प्रयोगांत दिसले. म्यूर यांच्या ह्या युक्तीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. मृत्यूची भीती प्रयोगशाळेत आणता येत नाही. लोभ आणता येतो, आणि गर्दीच्या वागण्यापुरते दोन्ही सारखेच काम करतात.

ह्यानंतर आपत्कालीन खिडकीलगतची जागा रुंद झाली. तेथे बसणाऱ्या प्रवाशाला ती उघडण्याची रीत आधी सांगितली जाऊ लागली. धुरात खाली वाकून चालणाऱ्याला वाट दिसावी म्हणून जमिनीलगत दिवे आले, आसनांना आगप्रतिबंधक अस्तर आले, टाकीच्या झाकणांना भक्कमपणाची अट लागली. जमिनीवरील आगीत विमान अशा रीतीने उभे करावे की आग वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील, अशी कार्यपद्धती तयार करण्याची शिफारसही अहवालाने केली. एक शिफारस मात्र बारगळली. प्रवाशांना धुरापासून वाचवणारी टोपी द्यावी, ह्या सूचनेवर बराच वाद झाला; ती चढवण्यात वेळ जाऊन उतरण्यास उशीर होईल असे कारण देऊन नियामकांनी ती फेटाळली. ज्या अपघातात माणसे मुख्यतः धुराने मेली त्या अपघाताची ही शिफारस फेटाळली जावी, हे आम्हांस आजही पटत नाही. मात्र त्या कारणात तथ्यांश आहे हेही मान्य केले पाहिजे.

मूळ पेच, म्हणजे पाहणारा आणि ठरवणारा यांतील अंतर, इतक्या सहज मिटणारा नव्हता. १९८९च्या जानेवारीत केगवर्थजवळ कोसळलेल्या विमानात डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना प्रवाशांनी पाहिल्या होत्या. कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून उजव्या इंजिनाचे नाव घेतले, आणि कोणीही त्याला टोकले नाही. सत्तेचाळीस जण गेले. मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच बोलू नये, हा संस्कार आपल्याच समाजात आहे असे नव्हे.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ विमानाचे उजवे इंजिन उड्डाणाच्या धावेत फुटले. चक्राचा एक तुकडा सुमारे नऊशे मीटर दूर एका गोदामात जाऊन पडला, उजव्या पंखाखाली आग भडकली. वैमानिकांनी विमान धावपट्टीवरच थांबवले आणि आगीची यादी वाचावयास घेतली. त्या यादीत आकाश आणि जमीन असा भेद नव्हता. पहिली बाटली सोडल्यावर तीस सेकंद थांबून पाहावे, असे तीत लिहिलेले होते. प्रवासी अर्थातच थांबले नाहीत. हवाईसेविकांनी कॉकपिटशी बोलण्याचा प्रयत्न केला, परंतु त्या विमानातील दूरध्वनीची रचना निराळी असल्याने तो जमेना. डावे इंजिन चालू असतानाच डावीकडचे दरवाजे उघडले गेले, आणि घसरगुंडीवरून उतरलेला एक प्रवासी त्या इंजिनाच्या झोताने फेकला जाऊन गंभीर जखमी झाला. बाकी सर्व जण, एकूण १७० पैकी, सुखरूप किंवा किरकोळ दुखापतीवर सुटले. जमिनीवरील इंजिन-आगीसाठी वेगळी यादी असावी, असे तेथील चौकशी मंडळाने मग लिहिले. मँचेस्टरनंतर तीन दशकांहून अधिक काळाने.

अलीकडचे चित्र अगदीच निराशाजनक नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले, तेव्हा आतील सर्व ३७९ जण बाहेर पडले. लहान विमानातील सहापैकी पाच मात्र मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानाच्या मागच्या डाव्या दरवाज्याशी असलेल्या कर्मचाऱ्यांचा कॉकपिटशी संपर्क होत नव्हता. बाहेर आग नाही अशी खात्री करून त्यांनी आज्ञेची वाट न पाहता तो दरवाजा उघडला. तेवढा अधिकार आता त्यांना शिकवणीनेच दिलेला असतो.

आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी मस्कतहून कोचीला निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान, आत १४१ प्रवासी आणि सहा कर्मचारी, धावपट्टीकडे चालले असता त्याच्या उजव्या इंजिनातून धूर निघत असल्याचे दुसऱ्या एका विमानातील माणसांच्या नजरेस पडले. त्यांनी ते बिनतारी यंत्रावरून कळवले. वैमानिकांनी विमान जोडरस्त्यावर जागीच थांबवले, बाटल्या सोडल्या आणि घसरगुंड्या उघडून सर्वांना उतरवले. कॉकपिटात आगीची घंटा वाजलीच नव्हती.